बिनफोडणीचा रस्सा

आमच्या घरात मटण बायका शिजवत नाहीत. मसाला बायकांनी वाटायचा, कांदे बायकांनी चिरायचे, भाकरी बायकांनी थापायच्या आणि भांडी बायकांनी घासायची. पण मागच्या अंगणात विटांच्या चुलीपुढे लुंगी खोचून बसायचं आणि पळी फिरवायची ती पुरुषांनी. नंतर मिशीवरून हात फिरवत "आज मी केलं" असं सांगायचंही पुरुषांनीच. माझा नवरा या बाबतीत खानदानात नावाजलेला आहे. त्याच्या रश्श्यावर बोटभर तर्री येते, म्हणजे लाल तिखट तेलाचा थर, आणि अमरावतीपासून अकोटपर्यंत पाहुण्याचा मान त्या थरावरून कळतो. फिक्का रस्सा आम्ही आजाऱ्याला देतो.

तेव्हा लेक आणि जावई डब्लिनहून पहिल्यांदाच घरी येणार, त्यांचं पहिलं जेवण मी करणार, तेही घरात, गॅसवर, आणि त्यात तर्री नसणार, असं मी जाहीर केलं तेव्हा नवरा हसला. मी हसत नाही हे पाहिल्यावर त्याने टीव्ही बंद केला.

जावई आयर्लंडचा. लग्न तिकडेच, रजिस्टर पद्धतीने झालं. आम्ही ते मोबाइलवर पाहिलं. नवऱ्याने अक्षता मोबाइलवरच टाकल्या आणि नंतर त्या मीच झाडून काढल्या. मग गेल्या हिवाळ्यात जावयाची आई वारली. तिला पोचवून आला आणि हा लगेच कामावर हजर. लेक फोनवर म्हणाली, "आई, तो रडलाच नाही. फक्त एक पदार्थ खाणं सोडलं त्यानं. हॉटेलात दिसला तरी मान फिरवतो."

तो पदार्थ म्हणजे कॉडल. सॉसेज, बटाटे, कांदे आणि हाडांचं पाणी, झाकण ठेवून मंद आचेवर तासन्‌तास. काही परतायचं नाही, काही लाल करायचं नाही. कृती ऐकून माझं पहिलं मत असं झालं की हे स्वयंपाक न येणाऱ्या बाईचं काम दिसतंय. मग लेकीने सांगितलं की त्याची आई रात्रपाळीला ऑफिसं झाडायला जायची. निघण्याआधी पातेलं बारीक आचेवर ठेवून जायची, म्हणजे पोरं जेव्हा घरी येतील तेव्हा त्यांना गरम मिळावं. त्याच्याजवळ उभं राहायला कुणी लागत नाही. उशीर झाला तर ते आणखी चांगलं लागतं.

माझी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. पहाटे झाकून ठेवलेलं जेवण पोरीने कधी खाल्लं, खाल्लं की नाही, हा विचार करत मी तिकिटं फाडली आहेत. ड्युटीवर जाणाऱ्या बाईचं पातेलं मला ओळखू येतं. त्या विहीणबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, आता पाहणारही नव्हते. पण त्यांच्या पोराला माझ्या घरातला पहिला घास त्यांच्याच हातच्यासारखा मिळेल, हे मी ठरवून टाकलं. आणि मी एकदा ठरवलं की डेपो मॅनेजरही माझ्या नादी लागत नसत.

नवऱ्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. काळजी होती ती अकोटची.

अकोटला माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. लेक शाळेत जायला लागेपर्यंत त्यांच्याकडे वाढली, कारण मला पहाटेची गाडी असायची. माझी गाडी अकोटच्या स्टँडला लागली की त्या लेकीला कडेवर घेऊन कॅन्टीनजवळ उभ्या असत. गाडी परत निघेपर्यंत मी तिला घ्यायची आणि मग परत त्यांच्याकडे द्यायची. लेक मला आई म्हणे आणि त्यांना मोठी आई, पण पडली की हाक मोठ्या आईलाच मारी. त्याचं मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. लेकीने तिकडच्या माणसाशी लग्न केलं तेव्हा जाऊबाई "बरं" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्याचा विषय निघाला तर त्याला 'तो' म्हणायच्या. आमच्या सगळ्या गोतावळ्यात त्या ज्याच्या पंगतीला बसल्या तो घरचा, बाकीचे बाहेरचे. विमानाची तिकिटं काढल्यापासून लेकीचा एकच प्रश्न होता, "मोठी आई त्याच्यासोबत जेवेल ना?"

मी जाऊबाईंना फोन करून जेवायला बोलावलं आणि काय शिजणार आहे तेही सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही.

"फोडणी नाई?" त्या म्हणाल्या. "कोण मेलं व?"

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की तेरवीपर्यंत फोडणी देत नाहीत. कढई चढत नाही, तेल तडतडत नाही. जे मिळेल ते पाण्यात शिजवायचं आणि गिळायचं. गेल्या वर्षी भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, गेले तेव्हा जाऊबाईंनी तेच खाल्लं होतं. त्यांना राग आला तो काही उगाच नव्हता.

"पोरगी नवऱ्याले घेऊन पह्यल्यांदा उंबरा चढून राहिली, अन्‌ तू त्यायले सुतकाचं वाढतं?" त्या म्हणाल्या. "अपशकुन करू नको. जिऱ्या-लसणाची फोडणी दे, मी येऊन जेवतो. नाई देशीन तर मी येतो, पोरीले पाहातो, पण तुह्या घरचं पाणीही घेत नाई."

"या तुमी, बाई," मी म्हणाले. "पण फोडणी नाई भेटणार."

लेकीला जी एकच गोष्ट हवी होती तिच्यात मी माझ्या हट्टाने बिब्बा घालत होते, हे मला चांगलं कळत होतं. नवरा म्हणाला, "अवं, एक पळी तेलाची तर गोष्ट हाय." एक पळी तेलाचीच होती. पण ती ओतली की पातेलं आमचं होणार, विहीणबाईंचं उरणार नाही. मेलेल्या बाईची बाजू घ्यायला आमच्या घरात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

सॉसेज तिकडे डुकराचं असतं. ते आमच्या घरात कधी आलं नाही आणि येणारही नव्हतं. जावयालाही ते ठाऊक होतं. दुकानातल्या फ्रीजमधलं चिकनचं आणून उकळून पाहिलं, तर ते खोडरबरासारखं झालं. मग मी आमच्या नेहमीच्या मटणवाल्या चाचांकडे गेले. बारीक खिमा घेतला आणि बकऱ्याची आतडी मागितली.

"वझडी करता का बाई?" चाचांनी विचारलं.

"नाई, आतड्यात खिमा भरायचा हाय."

"असं कोनं सांगतलं?"

"जावयाच्या आईनं."

एवढ्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आतडी उलटी करून, मीठ चोळून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन दिली.

खिम्यात ब्रेडचा चुरा, मिरपूड, जायफळ आणि मीठ घातलं. भरायला नवं नरसाळं आणलं. ते धरायला मात्र दुसरा माणूस लागतो आणि घरात दुसरा माणूस रुसून बसलेला. शेवटी आला. मी अंगठ्याने खिमा दाबत होते, तो नरसाळं धरून माझ्याकडे पाहत होता. आतडं मधेच फाटलं, पुन्हा गाठ मारून घेतलं.

"तिखट नाई टाकत?" त्याने विचारलं.

"नाई."

"चिमूटभर?"

"नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यात आधी कांद्याच्या जाड चकत्या, वर सॉसेज, त्यावर बटाटे, पुन्हा कांदे असं रचलं. हाडांचं पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. पार्सली नावाचा पाला आपल्याकडच्या बाजारात दिसत नाही, म्हणून कोथिंबीर घेतली. विहीणबाईंना तेवढं चालवून घ्यावं लागणार होतं.

जाऊबाई सकाळच्या गाडीने आल्या. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यांनी हातानेच नको म्हटलं. खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दाराशीच बसल्या.

"घरातच शिजवून राहिली?"

"हो."

"अन्‌ हे असंच पांढरं राह्यते?"

"असंच राह्यते."

त्यांनी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी तिकडं तोंड करतो. तू पळीभर ओतून टाक. कोणाले काही सांगत नाई मी."

हसू येत होतं आणि रडूही. त्यांनाही जेवायचं होतं, हे मला दिसत होतं. पोरीची त्यांनाही ओढ होती. मी नाही म्हटलं. तेवढ्यात नवऱ्याने दारातून डोकं घातलं, "वयनी म्हणून राहिल्या तर..."

"पुढे सरका," मी म्हणाले, गाडीत म्हणायची त्याच आवाजात. तो सरकला.

भर दुपारी गाडी दाराशी थांबली. मी दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. लेक आत धावली ती थेट मोठ्या आईच्या गळ्यात. जावई मात्र उंबऱ्यावरच उभा. उंच माणूस, चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकलेला, आणि तसाच वाकून थांबलेला. त्याला वास आला होता.

मग तो कुणालाही न विचारता सरळ आत आला, जाऊबाईंच्या खुर्चीला वळसा घालून गॅसपाशी गेला आणि त्याने झाकण उचललं. वाफ तोंडावर घेत उभा राहिला. त्याची पाठ आमच्याकडे होती. आधी खांदे हलले. मग त्याने झाकण खाली ठेवायचं विसरून दुसऱ्या हाताने ओट्याची कड धरली आणि लहान पोरासारखा मोठ्याने रडायला लागला. सबंध घरात तेवढाच आवाज. नवरा तर घाबरून पंखा वाढवायला गेला.

"काय झालं व त्याले?" जाऊबाईंनी विचारलं.

"मोठी आई, हे त्याची आई करायची," लेक म्हणाली. "ती गेल्यापासून तो रडलाच नव्हता."

"अन्‌ सुतक?"

"त्यांच्यात तसं काही नसते. लगेच कामावर गेला तो."

"नसते कसं?" जाऊबाईंचा आवाज चढला. मला वाटलं, आता झालं. "माय मेली न त्याची? कोणी संगं बसलं नाई? कोणी जेवू घातलं नाई?"

लेकीने मान हलवून नाही म्हटलं.

जाऊबाई उठल्या. त्यांनी त्याच्या हातातलं झाकण काढून ओट्यावर ठेवलं, आणि खांद्यापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता म्हणून कोपरावर थोपटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पानं घे. माझंही घे. अन्‌ पाणी दे मले, कवाची तहान लागली."

तांब्या देताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मीही सुरू झाले असते.

"पण वयनी," नवरा हळूच म्हणाला, "सुतकात मटण?"

"त्याच्या मुलकात जे शिजते ते त्याचं सुतक. तुमी गुमान बसा, भाऊ."

त्या जावयाच्या शेजारी मांडी घालून बसल्या. कॉडल त्यांना अजिबात आवडलं नाही. पहिल्याच घासाला भुवया वर गेल्या आणि जेवण संपेपर्यंत खाली आल्या नाहीत. पण त्यांनी ताटात काही टाकलं नाही. बटाटा बोटांनी कुस्करून, भाकरीचा तुकडा त्या पांढऱ्या पाण्यात बुडवून सगळं संपवलं. मग लेकीला म्हणाल्या, "त्याले सांग, सुतकाचं जेवण एकट्यानं जेवत नसतात. घरचे लोक संगं बसतात."

लेकीला ते त्याच्या भाषेत सांगायला फार वेळ लागला.

जाऊबाई दुपारच्या गाडीने परत जायच्या होत्या, गेल्या नाहीत. ऊन कललं तेव्हा स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला म्हणून मी गेले, तर त्यांनी पळीत तेल तापत ठेवलेलं, लसूण ठेचलेला, तिखटाचा डबा उघडा. उरलेलं पातेलं पुढ्यात. मी धावत जाऊन झाकणावर हात ठेवला.

"ते विहीणबाईंचं हाय," मी म्हणाले. "त्याले हात लावू नका."

"तुह्या विहिणीचं दुपारी खाल्लं सगळ्यायनं," जाऊबाई म्हणाल्या. "पोरगा रडला, घरचे संगं बसले, सुतक फिटलं त्याचं. सुतक फिटल्यावर फोडणी घरच्यायनंच द्यायची असते, विसरली का? सरक. आता माह्या जावयाले जावयासारखं वाढू दे."

त्यांच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. तेल धुरावायला लागलं होतं. मी झाकण उचललं, पण आधी एक वाटी पांढराच रस्सा माझ्यापुरता काढून घेतला. मी हरले असं नंतर कुणी म्हणायला नको.