धाकटीची तुरुंगातली मुलाखत

तुरुंगाच्या मागच्या भिंतीला टेकून पहारेकऱ्यांची घरं होती. त्यातल्या शेवटच्या दोन खोल्यांत धाकटी जन्मापासून राहत होती. आता वय एकोणतीस. थोरली बहीण लग्न करून गेली तेव्हा अख्खी वसाहत म्हणाली होती, "थोरली सुटली." तिथली माणसं असंच बोलायची. पोराला ताप आला की ते आज 'हजेरीत नाही', नवरा रुसून गेलेल्या बायकोला आणायला निघाला की 'पकडून आणायला गेला'. हसत हसतच बोलायचे, पण दुसरे शब्द त्यांच्याकडे फारसे नव्हतेच.

धाकटी सुटली नव्हती. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात ती सहा वर्षं काचा घासत होती आणि त्या कामात तिचा हात छान बसला होता. दुकानाच्या मालकीणबाई लांबच्या शहरात दुसरं दुकान काढत होत्या. ते धाकटीने सांभाळायचं, वरच्या खोलीत राहायचं, असं त्यांनी महिन्यापूर्वी सांगितलं आणि त्या दिवसापासून धाकटीचे पाय जमिनीवर नव्हते. त्या खोलीला दोन खिडक्या होत्या. वसाहतीतल्या घराला एकच, तीही भिंतीकडे तोंड करून.

घरी सांगायचं तेवढं राहिलं होतं. ते सांगायच्या आधीच बाबांनी नोकरीचा अर्ज आणून टेबलावर ठेवला.

बाबा एकतीस वर्षं तुरुंगात पहारेकरी, पुढच्या महिनाअखेरीस निवृत्त. नोकरी संपली की घर खाली करायचं, हा नियम. घरातलं कोणी नोकरीला लागलं तर घर राहतं, हाही नियमच. स्त्रियांच्या विभागात एक जागा निघाली होती. आईचे गुडघे कामातून गेलेले, तिचं सगळं जग म्हणजे त्या दोन खोल्या आणि शेजारच्या चार बायका. "या वयात आम्ही कुठं जायचं गं?" असं ती एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणायची गरज पडली नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी बाई, सरळ नाही म्हणून मोकळं व्हावं. म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या बाबांसमोर उभं राहून बघावं. बाबा ओरडायचे नाहीत, रागवायचे नाहीत. ऐकून घ्यायचे, "बरं" म्हणायचे आणि बाहेर जाऊन उभे राहायचे, तास तास. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

पंधरा दिवस स्वयंपाकघरात तालीम चालली. बाबा पट्टा घालून अधिकारी व्हायचे आणि टेबलाच्या पलीकडे बसायचे.

"तुम्हालाच का घ्यावं?"

"मी वेळेची पक्की आहे. शिस्तीत वाढले आहे. कठीण प्रसंगी डोकं शांत ठेवते."

"शांत म्हणताना खाली बघू नकोस. पुन्हा."

"तिला पाणी तरी पिऊ द्या," गॅसपाशी उभी आई म्हणायची. त्यावर बाबा आईकडे अशा नजरेने बघायचे, जणू तीही दुसरी उमेदवार आणि तिचा नंबर अजून यायचा आहे.

धाकटीने उत्तर घडाघडा पाठ केलं आणि मनात वेगळाच बेत शिजवला. मुलाखतीला जायचं आणि ती पाडायची. निवड झाली नाही की कुणाला दोष नको. बाबा "बरं" म्हणतील ते अधिकाऱ्यांना. मग सगळे शोधतात तसं घर शोधायचं, आई-बाबांना तिथं नीट बसवायचं आणि आपण आपल्या दोन खिडक्यांच्या खोलीत जायचं. या बेताची तिला लाज वाटत होती आणि आनंदही होत होता. दोन्ही एकदम होतात, त्यात नवल नाही.

मुलाखतीच्या खोलीत लांब टेबल होतं. मधे अधीक्षक, एका बाजूला तुरुंगाचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला स्त्री विभागाच्या मुख्य बाई, डोळ्यांखाली काळं आलेल्या. दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर बाबा बसले होते, खास इस्त्री केलेल्या गणवेशात, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

"तुम्हालाच का घ्यावं?" अधीक्षकांनी विचारलं. अगदी तालमीतलंच वाक्य.

धाकटीने आवाज खाली आणला, बाहेर जाऊ नये म्हणून. "खरं सांगू का, मला घेऊ नये. कुणी जोरात बोललं तरी माझे हातपाय गळतात. मला कुणाला दरडावता येत नाही. बंद दाराआड मला कोंडल्यासारखं होतं."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. अधीक्षकांनी कागद उलटा ठेवला. झालं, धाकटीला वाटलं. सुटले. मनातल्या मनात तिने नव्या दुकानाचं दार उघडलंसुद्धा.

"ठीक आहे, या तुम्ही," मुख्य बाई म्हणाल्या. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "जाता जाता एवढा बाहेरच्या शिपायाला द्या."

धाकटीने जुडगा उचलला आणि वळली.

"थांबा. तो हात दाखवा."

तिने हाताकडे पाहिलं. किल्ल्यांचे दात मुठीत गच्च झाकलेले, वरच्या कड्याभोवती करंगळी, हात मांडीला चिकटलेला. एकही किल्ली वाजली नव्हती.

"असं धरायला कोणी शिकवलं?"

"कुणी नाही. आमच्या घरी असंच धरतात."

आणि ते खरंच होतं. नजर तयार असलेला कैदी किल्लीचे दात एकदा बघतो आणि साबणाच्या वडीत तशीच किल्ली कोरतो, म्हणून पहारेकरी किल्लीचे दात कधी उघडे ठेवत नाहीत. बाबा ही सवय घरी घेऊन आले. आईच्या कपाटाची किल्लीसुद्धा घरात मुठीतून मुठीत जायची. चार वर्षांची असल्यापासून धाकटी "दात झाक" ऐकत आली होती. तिला ती सवय आहे हेच मुळी ठाऊक नव्हतं, मग ती लपवणार कशी?

"सकाळपासून तेरा जणी येऊन गेल्या," मुख्य बाई अधीक्षकांना म्हणाल्या. "तेराही म्हणाल्या की आम्ही कुणाला भीत नाही. आणि तेराही जुडगा बोटावर फिरवत गेल्या. भीती जाते हो महिन्याभरात. हात तयार व्हायला दोन वर्षं लागतात. मला ही हवी."

अधीक्षकांनी कागद पुन्हा सुलटा केला. "तुम्हाला नोकरी हवी आहे ना?"

एवढंच विचारलं त्यांनी. नको म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि खोलीत कुणालाही त्याचं वाईट वाटलं नसतं. पण अर्ध्या दारातून बाबांचे बूट दिसत होते, पॉलिश केलेले, एकमेकांना चिकटवून ठेवलेले. ते ऐकत होते.

"हो," धाकटी म्हणाली.

बाहेर मुख्य बाईंनी स्वतः बाबांना सांगितलं. बाबा हसले नाहीत. चष्मा काढून ते शर्टाच्या बाहीने पुसत राहिले. त्याने काचेवर चरे पडतात हे धाकटीने त्यांना शंभरदा सांगितलं होतं. आज नाही सांगितलं.

"काय म्हणालीस उत्तरात?" वाटेत त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच."

"बघ. पाठ करून घेतलं त्याचं चीज झालं."

आईने उंबरठ्यातच तिला जवळ घेतलं आणि रडून घेतलं. शेजारच्या चारही बायका आल्या. धाकटीने सगळ्यांना चहा केला आणि संध्याकाळी ती दुकानात गेली.

मालकीणबाई एका चौकटीचे स्क्रू आवळत होत्या. "आलीस? मला वाटलं विसरलीस. अगं, त्या दुकानासाठी अजून दोघी विचारून गेल्या. तूच का हवीस मला, सांग बघू." त्यांना थट्टा करायची लहर आली होती.

सांगायला आली होती ती गोष्ट वेगळी. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडायला लागलं. "कारण काच घासताना कुठं थांबायचं ते माझ्या बोटांना कळतं, यंत्राकडे बघावं लागत नाही. कारण चष्मा लावल्यावर म्हातारी माणसं आधी स्वतःचे हात बघतात, आणि ते बघायला मला अजून कंटाळा येत नाही. कारण मी रात्री झोपताना ते दुकान लावते, बाई. चौकटी कुठं, आरसा कुठं, सगळं ठरलंय. दुसऱ्या दोघींना ते नाही जमायचं. मलाच घ्या. माझ्यासारखी तुम्हाला मिळणार नाही."

एवढं ती आयुष्यात कधी एका दमात बोलली नव्हती. बाईंनी स्क्रू बाजूला ठेवला.

"बरं बाई, तूच. सोमवारी निघायचं."

"सोमवारी मला तुरुंगात हजर व्हायचंय," धाकटी म्हणाली. "निवड झाली आज."

बाईंनी चौकट खाली ठेवली. "हे आत्ता मला सांगितलंस ते सगळं, घरी सांगितलंस कधी?"

धाकटीने नाही म्हणून मान हलवली.

"मग मला सांगून काय उपयोग गं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. त्या पुन्हा चौकटीकडे वळल्या. धाकटी आपल्या जागेवर जाऊन बसली. तीन गिऱ्हाइकांच्या काचा घासायच्या राहिल्या होत्या आणि सोमवारला अजून दोन दिवस होते.