तिच्या अंगात काही येत नव्हतं

दुपारी जेवलो की दाराशी खाट टाकून पडतो. डोळा लागतो न लागतो तोच ती येते, माझी बायको. ओले हात पदराला पुसत उंबऱ्यात बसते. मेलेलं माणूस येत नसतं, एवढं मला कळतं. चौथी शिकलोय, येडा नाय. पण ती येते, अन् मी डोळे उघडत नाय. उघडले की जाते.

तसंच अर्धवट धुक्यात दिसतं ते लग्नानंतरचं नवरात्र. कन्नड तालुक्यातलं आमचं गाव, देवीची आरती चाललेली. धूप एवढा की शेजारचा माणूस दिसंना. ती दिवसभर उपाशी, पाण्याचा थेंब नाय. एकाएकी तिचे डोळे फिरले, अन् कापसाचं गाठोडं सरकावं तशी आवाज न करता खाली आली. कोणीतरी ओरडलं, "आई आली! आई आली!" बायकांनी मळवट भरला, ओटी भरली. तिनं डोळे उघडले तेव्हा माझी माय तिच्या पायावर डोकं ठेवून होती. वर्षभर "हिला भाकर थापता येत नाय" म्हणणारी माझी माय.

तिच्या आईच्याबी अंगात यायचं म्हणे. आई धुणं धुता धुता गेली. हिचा भाऊ तिशीच्या आत, पळता पळता गेला. लोक म्हणाले देवीनं नेलं. आम्हीबी तेच म्हणलो.

पुढं शहरात आलो. शहागंजात माझं मोटारी बांधायचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, मी जुनी तार काढून नवी भरायचो. राहायला वरची खोली. तो जिना ती आधी एका दमात चढायची. मग मधे थांबायला लागली, मग मधेच बसायला. "छातीत पाखरू फडफडतंय," म्हणायची. मी म्हणायचो, "भात कमी खा." असला मी.

शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयाच्या स्नायूची भिंत जाड झालीये. आत जागा कमी, रक्त कमी मावतं. स्नायूचे धागे एका ओळीत नाहीत, गुंता आहे. हा दोष जन्माचा, घराण्यातून येतो. म्हणून चक्कर येते."

मला लगेच कळलं. तार ओळीनं बसली नाय तरी मोटार फिरते, पण कधी झटका खाऊन थांबंल सांगता येत नाय. मी विचारलं, "उसवून परत नाय बांधता येत?"

"नाही हो काका." बाई हसल्या नाहीत. "उपास बंद, पाणी भरपूर, गोळी चुकवायची नाही. आणि मुलीला तपासून घ्या. तिच्यात असण्याची शक्यता निम्मी आहे."

गोळीवर लई वर्षं निघाली. मुलीची तपासणी राहून गेली. मी एकदा विषय काढला, तर तिच्या सासरचे म्हणले, "धडधाकट पोरीला कशाला दवाखाना?" मी परत विचारलं नाय.

मग बायकोची तीच जाड भिंत पातळ पडत गेली, सैल झाली. ठोके ताल सोडून पडायला लागले. पायाला सूज, बोट दाबलं की खड्डा राहायचा. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. एक दिवस तशीच डोळे मिटून म्हणाली, "अहो, माझ्या अंगात कधीच काही आलं नाय. नुसता अंधार यायचा."

"मग बोलली का नाय?"

"डोळे उघडले की सासूबाई पायावर. वर्षातून एक दिवस. तुम्ही सोडला असता?"

आठ दिवसांनी ती गेली.

यंदाच्या नवरात्रात लेकीच्या सासरी गेलो होतो. आरतीत लेक पडली. तशीच, आवाज न करता. मला वाटलं मी खाटंवरच आहे अन् हे सपान आहे. तेवढ्यात लोक ओरडले, "आईची देवी लेकीत आली!" मी बायकांमधी घुसलो. "सरका! नारळ नको, हवा येऊ द्या! रिक्षा बोलवा!"

तिची सासू म्हणाली, "इवाई, देवीपुढं आवाज खाली. बाईच्या अंगात काय येतं ते बाप्याला काय कळतंय?" बायका हसल्या. रिक्षा काही आली नाय.

सकाळी लेक गहू निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "अण्णा, चारचौघांत माझी शोभा केली. वर्षातून तेवढ्या एका दिवशी सासूबाई मला म्हणतात, तू आधी जेव."

मला गोड बोलता येत नाय. तिची आई जे बोलली ते जसंच्या तसं सांगून टाकलं. तिचा हात सुपात थांबला. अंगणात ऊन पिवळं, सुपातली धूळ वर तरंगत होती.

"मलाबी अंधारच येतो अण्णा," ती म्हणाली.

चार दिवसांनी त्याच डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सासू म्हणाली, "मीबी येते. बघू तरी काय म्हणतात." बाईंनी लेकीच्या छातीवर यंत्र फिरवलं अन् आम्हाला आत बोलावलं. "आहे. आईसारखंच. पण भिंत अजून पातळ पडलेली नाही, वेळेत आलात. गोळी चालू करू. कातडीखाली एक छोटं यंत्र बसवावं लागेल का, ते ठरवायचंय. ठोका बिघडला तर ते झटका देऊन सावरतं. त्यासाठी खरं सांग, अशी शुद्ध किती वेळा हरपली?"

लेकीनं सासूकडं पाहिलं. सासू मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत होती.

"आरतीतल्याबी धरायच्या?" लेकीनं विचारलं.

"सगळ्या."

तिनं बोटं मोजायला घेतली. पहिली सातवीत असताना, शाळेच्या मैदानात. मला माहीतच नव्हती. मग लग्नाच्या वर्षी. मग आरतीतल्या. एका हाताची बोटं संपली. तिनं पदराखालचा दुसरा हात बाहेर काढला.