चौथा मजला, जिन्याने

शेजारच्या विभावरीवहिनी लिफ्टला जाम घाबरायच्या. आखातात, करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं आणि आमचं बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर, आणि बाई भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढणार! मी रोज तिथल्या अरबीत चिडवायचो, "वहिनी, यल्ला, चला, लिफ्ट आली!" त्या हसून म्हणायच्या, "तुम्ही व्हा पुढे, भावजी."

अठ्ठ्याण्णवची दिवाळी. पोरांना किल्ला हवा होता. करामात माती कुठली मिळायला? वहिनींचे यजमान गुणवंत आणि मी पिकअप घेऊन वाळवंटात गेलो, एका झुडपाखालची मऊ वाळू पोत्यांत भरली आणि जिन्याखाली आणून ओतली. शहाणेच आम्ही!

दुपारी माझी आठ वर्षांची मिहिका त्या ढिगात हात घालून भुयार करत होती. मी शेजारी विटा लावत होतो. वहिनी जिना उतरता उतरता थबकल्या.

"मिहिका, हात तसाच ठेव. अजिबात हलायचं नाही."

मग मलाही ऐकू आलं. करवत घासावी तशी खरखर. पोरीच्या कोपरापाशी वाळू सरकली आणि वेटोळं वर आलं. मी वीट उगारली.

"वीट खाली!" वहिनी कडाडल्या. "फुरसं आहे ते. अंगावर अंग घासून बजावतंय. जे हलेल त्याला चावेल."

वहिनी गुहागरच्या. फुरशाने त्यांचा एक काका नेला होता. कोपऱ्यात सफाईची बादली आणि लांब दांड्याचा पोछा होता. पोछा उचलून त्यांनी तो पलीकडून हळूच हलवला. फुरसं तिकडे वळलं, पोछ्यावर झेपावलं, आणि त्याच क्षणी वहिनींनी त्याच्यावर बादली पालथी घातली!

"काढ हात!"

मिहिका मला येऊन बिलगली. "पापा, आय डिडन्ट मूव्ह!" मी लहान मुलासारखा रडलो, वहिनींसमोर.

"आता मारून टाकू," मी म्हणालो.

"का म्हणून? ते सुखाने वाळूत डोकं वर काढून पालीची वाट बघत बसलं होतं. घरासकट उचलून आणलंत तुम्ही!"

बादलीखाली पुठ्ठा सरकवून आम्ही ते त्याच झुडपापाशी नेलं. तिरकं तिरकं सरपटत गेलं आणि अंग थरथरवून बघता बघता वाळूत बुडालं. परत आलो तर अख्खी बिल्डिंग खाली जमलेली. बायकांनी वहिनींना ओवाळलं, पोरांनी टाळ्या पिटल्या. वहिनी लाजून लालबुंद.

वर जायला निघालो तेव्हा लिफ्ट उघडीच होती. मिहिका वहिनींचा हात धरून जिन्याकडे गेली. वहिनी वळून म्हणाल्या, "भावजी, यल्ला, लिफ्ट आली!"

त्या लिफ्टने उतरल्या असत्या तर? लिफ्ट सोडली आणि मुकाट्याने त्या दोघींच्या मागून चारही मजले चढलो.