उंबऱ्यासमोरचा पिन

"हात काढा मॅडम. आधी हात काढा!"

चेन्नईहून व्हिडिओ कॉलवर कार्तिक ओरडत होता. मी दोन्ही हात मांडीखाली सारले. समोर टेबलावर काडेपेटीएवढं एक यंत्र होतं आणि त्याच्या इवल्याशा पडद्यावर एकच ओळ होती: आता एक प्रयत्न शिल्लक.

कार्तिक माझा बॉस. बँकेत तो माझ्या हाताखाली ट्रेनी म्हणून आला होता, तेव्हा मी त्याच्यावर असंच ओरडायची. आता त्याची स्वतःची फर्म आहे. लोकांची अडकलेली डिजिटल खाती सोडवून देणं हा त्याचा धंदा. तंजावूरचं काम मी बघते, शिवाय पापनाशम, ओरत्तनाडु, जिथून फोन येईल तिथलं. नातवंडांची शाळेची व्हॅन गेली की आजीचं ऑफिस सुरू.

यंत्र रुक्मिणी अक्काचं होतं. अक्का राजवाड्यामागे आमच्याच गल्लीत राहते. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाली आणि बिटकॉइनच्या नादी लागली. पैशाच्या लोभाने नव्हे, त्यामागच्या गणितावर भाळून. बायका सोन्याची नाणी घेतात तशी ही दर दिवाळीला थोडं बिटकॉइन घ्यायची. ते सगळं या हार्डवेअर वॉलेटवर होतं.

हार्डवेअर वॉलेट म्हणजे काय, ते सोपं करून सांगते. नाणी त्यात नसतात. नाणी जगभरच्या कॉम्प्युटरांवरच्या नोंदीत असतात. ती हलवायला जी गुप्त किल्ली लागते, तेवढी या यंत्रात असते. यंत्राला पिन. पिन ठरावीक वेळा चुकला की यंत्र स्वतःच आतली किल्ली पुसून टाकतं. मग उपाय एकच. वॉलेट पहिल्यांदा सुरू करताना ते काही शब्द देतं, ते कागदावर लिहून ठेवायचे असतात. ते शब्द नव्या यंत्रात घातले की किल्ली परत मिळते.

"शब्दांचा कागद कुठे आहे अक्का?"

"भोगीला गेला."

पोंगलच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातलं जुनंपानं दारात जाळतात. अक्काने जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा जाळला. शब्दांच्या कागदाचं पाकीट त्यातच होतं.

"आणि पिन आठवतो ना?"

"आठवायला काय झालं? रोज काढते की."

"काढते म्हणजे?"

तिने हवेत बोट फिरवलं. भराभर, वळणं घेत. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अगं, आमच्या दारातलं कोलम."

कोलम म्हणजे तांदळाच्या पिठाने उंबऱ्यासमोर काढायची रांगोळी. आधी ठिपके, मग त्यांना जोडणाऱ्या रेघा. अक्काच्या सासूचं एक कोलम होतं, तीन ओळी, ओळीत तीन ठिपके. फोनच्या बटणांची मांडणी अगदी तशीच, वॉलेटच्या पडद्यावरच्या आकड्यांचीही. अक्काने वॉलेटच्या पडद्यावर बोटाने कोलम काढलं आणि तोच पिन ठेवला. आकडे तिने कधी वाचलेच नव्हते. गणिताची शिक्षिका!

मग बिघडलं कुठे? तर ज्येष्ठ नागरिक क्लबात मी भाषण ठोकलं होतं. वॉलेटमध्ये एक सोय असते, ती चालू केली की पडद्यावरचे आकडे दर वेळी जागा बदलतात. शेजारी कुणी बोटांकडे बघत असलं तरी त्याला काही कळत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन खरोखर ती सोय चालू केली ती एकट्या अक्काने. पुढच्या वेळी बोटाने नेहमीचं कोलम काढलं, पण खाली आकडे भलतेच. पुन्हा काढलं. पुन्हा भलतेच. नशीब, तिसऱ्यांदा काढायच्या आधी ती माझ्याकडे आली.

"सोय बंद करून टाक ग इंदू," अक्का म्हणाली.

"बंद करायलाही आत जावं लागतं. आत जायला पिन."

"हुशार आहे की मेलं," ती यंत्राकडे बघत म्हणाली. जळफळाटात आदर होता.

पण यंत्राला नुसती नावं ठेवून चालणारं नव्हतं. तिचे यजमान वेंकटराव. आयुष्यभर हरिकथेला मृदंगाची साथ केलेला माणूस, आणि आता कान पूर्ण गेलेले. कानाच्या आत बसवायच्या यंत्राचं ऑपरेशन तिरुच्चीला ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, जितका उशीर कराल तितकं कमी ऐकू येईल. त्या ऑपरेशनचे पैसे म्हणजे ही काडेपेटी. रावांना यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं आणि गल्लीभर झालं असतं.

कार्तिकने हिशेबी सल्ला दिला. "परदेशात एक लॅब आहे. चिप उघडून बघतात. काही महिने लागतील. खात्री नाही."

"महिने नाहीत आपल्याकडे."

"मग कागदावर काढून घ्या. त्यावरून आकडे."

सोपं वाटलं. मी कागदावर नऊ ठिपके मांडले, अक्काच्या हातात पेन दिलं. तिने कोलम काढलं. सुंदर. पुन्हा काढायला लावलं. आकृती तीच, पण सुरुवात दुसऱ्या ठिपक्यापासून. तिसऱ्यांदा आणखी तिसरीकडून.

इथे मेख होती. हे कोलम बंद रेघेचं, जिथे सुरू होतं तिथेच येऊन मिळतं. कुठले ठिपके ते चित्रात दिसतं. पहिला कुठला आणि हात कुठल्या बाजूला वळला, ते दिसत नाही. पिनला तर क्रमच लागतो.

मी तो कागद बराच वेळ बघत बसले. ही बाई आपला पिन रोज सकाळी भर रस्त्यात, पांढऱ्याशुभ्र पिठाने, हातभर मोठा लिहीत होती. दूधवाला त्यावरून सायकल नेत होता. फॉरेनर त्याचे फोटो काढत होते. आणि एकालाही तो वाचता येत नव्हता. बँकेत आम्ही लोखंडी दारामागे जे ठेवायचो, ते याच्यापुढे पोरखेळ.

तेव्हाची मी मला आठवली. कमरेला चाव्यांचा जुडगा, कपाळाला कायमची आठी, स्वतःला अर्थमंत्री समजणारी. एटीएमशेजारी मी एक सूचना लावली होती: पिन फक्त डोक्यात ठेवा. खाली माझी लफ्फेदार सही. आणि माझा स्वतःचा पिन? माझ्या लग्नाचं साल. शाखेत कुणाला ते माहीत नव्हतं असं नाही, लग्नात सगळे जेवून गेले होते. ती इंदू आज इथे असती तर अक्काला म्हणाली असती, "डोक्याला ताण द्या, आठवेल." आणि वॉलेट पुसून टाकलं असतं.

पिन अक्काच्या डोक्यात नव्हताच. तो तिच्या वाकलेल्या कमरेत आणि चिमटीतल्या पिठात होता.

"उद्या सकाळी दारात काढशील तेव्हा मी बघते," मी म्हटलं.

"ये की. फिल्टर कापीला थांब."

सकाळी गेले. राव ओट्यावर, म्हणजे आमच्या तिण्णैवर, कापीचा टंबलर घेऊन बसले होते. माझ्याकडे पाहून मान हलवली. अक्काने सडा घातला होता. मी तिच्या पाठीमागे, तिच्या खांद्यावरून दिसेल अशी उभी राहिले. समोरून बघितलं तर चित्र उलटं दिसतं, वरचा ठिपका खालचा होतो. कार्तिक फोनवर होता, त्यालाही दिसेल असा मी फोन धरून ठेवला होता.

अक्का वाकली. ठिपके पडले, मोजून मापून. मग चिमूट थबकली. क्षणभरच. खालच्या मधल्या ठिपक्यापासून रेघ निघाली, उजवीकडे वळली, फिरत फिरत येऊन मिळाली.

"मिळालं मॅडम!" कार्तिक म्हणाला. "आठपासून सुरुवात. लिहून घ्या, टाकून मोकळं होऊ."

मी लिहून घेतलं. अक्का कंबर सरळ करत उठली. आम्ही दोघी आत वळलो, तेवढ्यात ओट्यावरून रावांचा आवाज आला. कान गेल्यापासून ते हळू बोलतच नाहीत, कारण आपण हळू बोलतोय की नाही ते त्यांना कळत नाही.

"रुक्कू! आज खालून कशाला सुरू केलंस ग?"

अक्का जागच्या जागी उभी राहिली.

"रोज तर तुझ्या डाव्या हाताकडच्या मधल्या ठिपक्यापासून घेतेस! तिथून वर जातेस! मग—"

"अहो, हळू!" अक्का किंचाळली. ऐकणार कोण? समोरच्या घराची खिडकी उघडली. राव पुढचा ठिपका सांगायला लागले, तशी अक्का धावली आणि पिठाच्या हाताने त्यांचं तोंड दाबलं. मृदंगवाल्याला पांढऱ्या मिशा आल्या. तोंड बंद झालं तरी बोटं थांबली नाहीत. टंबलरवर ती पुढची वळणं वाजवत होती, एकेका ठिपक्याला एकेक थाप.

"मॅडम, काय चाललंय?" कार्तिकने विचारलं.

"दुसरा साक्षीदार मिळालाय. तो वेगळं सांगतोय."

"नवऱ्याच्या सांगण्यावर शेवटचा प्रयत्न लावायचा? माझ्या बायकोला विचारा, ती काय नेसलीये ते मला कधी सांगता येत नाही."

"तुझे कान शाबूत आहेत ना, म्हणून."

मी अक्काकडे वळले. ती कोलमाकडे बघत होती. म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. तू मागे उभी राहिलीस आणि इन्स्पेक्टर वर्गात आल्यासारखं झालं. हात घाबरला."

"मग पुसून पुन्हा काढ. मी घरी जाते असं समज."

मी खरोखरच पाठ फिरवली आणि रावांकडे पाहत बसले. मागे पाण्याचा शिपका ऐकू आला, मग झाडूचा आवाज. राव तिच्या हाताकडे बघत होते. टंबलरवर थाप पडत होती. शेवटची थाप पडली आणि अक्काची बांगडी वाजली, ती कंबर सरळ करताना वाजते तशी. दोन्ही एकाच क्षणी. मी वळून पाहिलं.

"कुठून सुरू केलंस?"

"डावीकडून. मधल्यापासून. वर."

आत जाऊन मी त्या क्रमाने आकडे कागदावर मांडले. यंत्राला मी हात लावला नाही. आमचा नियम आहे, पिन ज्याचा त्यानेच घालायचा. पडद्यावर आकडे विस्कटून पडले होते. अक्का एकेक शोधून दाबत होती. शेवटचा आकडा दाबला. पडदा काळा झाला. मला माझ्या भाषणाच्या टाळ्या ऐकू यायला लागल्या.

मग उघडलं.

अक्का रडली वगैरे नाही. चष्मा पुसला आणि म्हणाली, "उत्तर बरोबर."

बाहेर राव विचारत होते, "दोघी आत काय करताय? कापी निवतेय!"

आकड्यांचा कागद मी कापीत बुडवून लगदा केला. मग बराच वेळ ओट्यावर टेकले. ज्या यंत्राला विनवून उपयोग नाही, लाच देऊन उपयोग नाही, जे तुमच्या अश्रूंकडे ढुंकून बघत नाही, ते एका म्हातारीच्या चिमटीपुढे नमलं होतं. आणि त्या चिमटीची खूण ज्याने ठेवली, त्याला आपण काही राखतोय हेही माहीत नव्हतं. तो फक्त रोज बघत होता. इतकी वर्षं मी सुरक्षेचं काम केलं, पण असं कुलूप आणि अशी दुसरी किल्ली मी पाहिली नव्हती.

रावांचं ऑपरेशन वेळेवर झालं. आता त्यांना ऐकू येतं, मृदंग अजून डब्यासारखा वाजतो म्हणतात, पण वाजतो. आवाजही खाली आलाय.

धंद्याची गोष्ट सांगायची तर एवढीच. पिन बोटांत ठेवायचा तर ठेवा, पण आकडेही एकदा डोळ्यांनी वाचून पाठ करा. वॉलेटचे शब्द स्टीलच्या पट्टीवर कोरून घ्या, स्टील भोगीत जळत नाही. आणि पिन गल्लीत ओरडला गेला असेल तर त्याच दिवशी बदला. अक्काने तो मी बसले असतानाच बदलला, मला ओट्यावर घालवून.

नवा पिन कशावरून घेतला, ते मी विचारलं नाही. पण हल्ली सकाळी ती वाकायच्या आधी रावांच्या हातात पेपर देते आणि सांगते, "तुम्ही हे वाचा." राव पेपर धरतात. कोलम पुरं होईपर्यंत पान काही उलटत नाही.