चुन्याच्या डबीतला बिबट्या

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली, आणि माझी पोरगी उंबऱ्याच्या आतच राहिली. चौथीतली पोर. रडणं नाही, आदळआपट नाही. दप्तर भरायची, वेणी घालून घ्यायची, आणि दाराशी आली की पाय थांबायचे. आधी मी समजावलं, मग रागावले, एकदा तर दंडाला धरून ओढलं. तेव्हा तिनं चौकट अशी घट्ट धरली, की मलाच तिचा दंड सोडावा लागला.

तिचं चुकत होतं असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आमची वस्ती शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला, चहूबाजूंनी ऊस. सुट्टीत शेजारच्या वस्तीवरची लहान पोर बिबट्यानं अंगणातून उचलली. दिवसाउजेडी, आई तिथंच भांडी घासत असताना. तेव्हापासून बाया मान वाचावी म्हणून गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायच्या, गडीमाणसं मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून चालायची. वनखात्यानं ओढ्याकडेला पिंजरा लावला होता, आत शेळी. ती दिवसभर ओरडायची आणि ते ओरडणं थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचं. ती गप्प झाली की मी हातातलं काम टाकून दाराला कडी लावायची.

नवरा रांजणगावच्या कंपनीत कामाला. त्यानं एक दिवस चहा पिता पिता सांगून टाकलं, की महिनाअखेरपर्यंत पोर घराबाहेर पडली तर ठीक, नाहीतर तिला दौंडला माझ्या माहेरी ठेवायची, तिथल्याच शाळेत घालायची. रेल्वेच्या क्वार्टरात कुठला आलाय बिबट्या, असं त्याचं म्हणणं. खरंच होतं ते. म्हणून तर मी जास्त चिडले. पोर डोळ्यांआड करायची तर काळीज तुटत होतं, आणि ठेवून घेतली अन् काही झालं तर? दोन्हीकडून मरण माझंच.

घरात बसून ती मोबाइलवर एकच खेळ खेळायची. पिवळा गोल तोंड उघडून चक्रव्यूहातले ठिपके खात पळतो, मागं चार भुतं लागतात. तो खेळ मला नवा नव्हता. दौंडला स्टेशनबाहेरच्या दुकानात कपाटाएवढा खोका होता, त्यात नाणं टाकून मी आणि भाऊ हाच खेळ खेळायचो, आणि घरी गेलो की आईचा मार खायचो. एकदा नवरा मोबाइल घेऊन कामावर गेला, तेव्हा मी ओसरीतल्या शहाबादी फरशीवर खडूनं तो चक्रव्यूह काढला, ठिपक्यांच्या जागी चिंचोके मांडले. पोरगी बघत बसली. मग म्हणाली, हे नको, आपली रानं काढ.

झालं. फरशीच्या सांध्यांचे बांध झाले, पाट आला, विहीर आली, गोठा आला, उरलेल्या जागेत सगळा ऊस. एकेक चिंचोका म्हणजे एकेक काम ठरलं: गाईंसाठी घास कापणं, विहिरीवरची मोटर, दुकानातली साखर. शेवटचा चिंचोका शाळेच्या दारात. नुसता फासा टाकून पुढं सरकायचं नाही, ज्यानं त्यानं सोंगटी घेऊन एक माणूस व्हायचं, त्याच्यासारखं बोलायचं आणि काय करतोय ते सांगायचं. भुतं चार नकोत, एकच बिबट्या, हेही तिनंच ठरवलं. बिबट्या झाले आबा, माझे सासरे. त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून ते खुर्चीत. त्यांची चुन्याची डबी हाच बिबट्या. आबा ती फरशीवर ठेवायला गेले तर पोरीनं त्यांची मूठ बंद केली. दिसला तर भ्यायचं कशाला, म्हणाली; बिबट्या कुठल्या फरशीवर आहे ते आबांनी मनातच ठेवायचं.

मी म्हटलं, जुन्या खेळात तीन जीव असतात, तेवढे तरी घेऊ.

तिनं माझ्याकडं बघितलं. "त्या पोरीला होते का तीन?"

एकच जीव ठरला.

एरवी आबा तिला चिडवायचे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणायचे. पण खेळात त्यांनी चेष्टा केली नाही. हयात उसात गेलेला माणूस. त्यांनी सांगितलं, की बिबट्या उभ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, त्याला ठेंगणं काहीतरी दिसावं लागतं. कुत्रं, शेरडू, लहान पोर, नाहीतर काम करताना वाकलेली बाई. आणि पळणाऱ्याच्या तर तो मागंच लागतो. म्हणजे जुना खेळ सगळा पळण्यावर, आणि आमच्यात पळायला बंदी! चिंचोका उचलायला वाकलं की आबांनी मूठ उघडून मनातली फरशी सांगायची. वाकलेलं माणूस त्याच फरशीवर असलं तर डबी तिथं, डाव संपला.

कोण काय होणार, यावर मात्र मी हरले. पोरगी झाली आई, आणि मला केलं मुलगी. मी घरात बसायचं. ती घासाला निघायची, अगदी माझ्यासारखा पदर खोचून, माझ्यासारखीच सगळ्यांवर करवादत. आणि दरवेळी घासाच्या बांधावर वाकली की आबांची डबी तिथंच. रोज मरायची. रोज मी घरात बसून ते बघायची. खेळ कसला, जीव नुसता टांगणीला लागायचा.

एकदा ती वाकलीच नाही. बांधावरून मला म्हणाली, "तू ये आन् माझ्या मागं उभी ऱ्हा. एक वाकलं की एक उभं. मग दोघी मिळून एकच उंच माणूस."

मी मुलगी होते, म्हणून मुलीसारखं बोलले. "मला भीती वाटते."

"मग मी वाकू का न्हाई? गाई उपाशी हायत."

मी माझी सोंगटी उंबऱ्याबाहेर सरकवली. त्या दिवशी पहिल्यांदा घासाचा चिंचोका तिच्या हाताला लागला. आबांनी मूठ उघडली होती, पण उभ्या माणसाच्या वाटेला बिबट्या जात नाही, नियम म्हणजे नियम, डबी परत कमरेला गेली.

खेळात एवढं सगळं, आणि रानात? रानात मी एकटीच वाकायची. जोडीला बाई आणायची कुठून रोज? काम काही थांबत नाही.

महिना संपत आला. दौंडला फोन झाला, पिशवी भरून झाली. नवरा संध्याकाळी आला की तिला घेऊन निघणार होता. दुपारी मी घराबाहेर पडले, कारण ती पिशवी बघवत नव्हती. विळा घेतला, गळ्यात पट्टा अडकवला आणि घरामागच्या घासात जाऊन वाकले. रडत होते, विळा चालवत होते, आजूबाजूला लक्षच नव्हतं. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, की शेळीचा आवाज येत नाहीये.

आणि माझ्या मागं पाचट वाजलं. वाळलेल्या पाल्यावर कुणीतरी पाय ठेवला होता. विळ्याची मूठ घट्ट धरून मी तशीच वाकलेली राहिले.

"आई, तू वाक. मी उभी हाय."

पोरगी माझ्या पाठीला पाठ लावून, तोंड उसाकडं करून उभी होती. अनवाणी. एका हातात ताट, दुसऱ्यात उलथनं. तिचा सगळा देह थरथरत होता, तो थरथराट माझ्या पाठीला कळत होता. देवा! ती उंबऱ्याबाहेर यावी म्हणून मी काय नाही केलं, आणि आता ती आली तर मला तिला उचलून पळत सुटावंसं वाटत होतं. पण पळायला बंदी होती.

समोरच्या सरीत ऊस हलला. वारा नव्हता. शेंडे एका रेषेत हलत गेले आणि थांबले. पोरीनं उलथनं ताटावर हाणलं, हाणतच राहिली. मी उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघी उसाकडं तोंड करून मागं मागं चालत घर गाठलं. तो होता की कोल्हं होतं, की कुणाचं कुत्रं, आजवर कळलेलं नाही. ओढ्याकडं शेळी पुन्हा ओरडायला लागली होती.

संध्याकाळी नवऱ्यानं पिशवी उचलली. आबांनी त्याला दुपारचं सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, मग तर आत्ताच्या आत्ता निघायचं. तसं ती दारात आडवी उभी राहिली.

"मी गेल्यावर आईच्या मागं कोण उभं ऱ्हाणार?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी कुणाकडं बघू? आपल्या आईची राखण करायची पाळी पोरीवर आली, याची मला लाज वाटली, आणि भीती तर वाटलीच. तिनंच मग ठरवून दिलं. शाळेच्या वेळात आबा राखणीला, खुर्ची बांधावर न्यायची आणि मी वाकले की त्यांनी उठून उभं राहायचं. बाकी वेळ ती. हे कबूल असेल तर ती उद्यापासून शाळेत जाईल.

सकाळी वस्तीवरच्या चार पोरांबरोबर ती निघाली, मोबाइलवर गाणं लावून पुढं एक मोठं माणूस. वळणापर्यंत ती सारखी मागं बघत होती, मी वाकले तर नाही ना म्हणून. मी गोठ्यापाशी उभी होते, हातातला चारा सांडून पायाशी पडला होता. ती उसाआड दिसेनाशी झाली तरी मी तो उचलला नाही.