कबरीचा चीक

शांताबाई मेश्राम कोणाला दिलेली वाटीसुद्धा परत मागत नसत. गेली तर गेली, येईल तेव्हा आपल्या पायांनी येईल, असा त्यांचा हिशेब. त्याच शांताबाई एका सकाळी रिकामी किटली घेऊन शेजाऱ्यांच्या दारोदार फिरल्या आणि दिलेलं परत मागू लागल्या, तेव्हा बीरगावच्या त्या अख्ख्या पाऱ्याने, म्हणजे मोहल्ल्याने, तोंडात बोटं घातली.

नवरा नत्थू रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दोघांनी गाई घेतल्या होत्या. दुधाचं बस्तान चांगलं बसलं, पण गोठ्यात वासरू काही टिकेना. मागची दोन्ही वासरं जन्मून आठवडा होत नाही तोच गेली. पिवळं पाणी हगायची, डोळे खोल जायचे, कान गार पडायचे, की संपलंच. दुसरं तर शांताबाईंच्या मांडीवर गेलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तिसरं जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं, आणि शांताबाईंनी ठरवलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

समता कॉलनीत त्या दूध घालायच्या, तिथेच गुरांची डॉक्टर अपर्णा राहायची. तिने नीट समजावून सांगितलं. हा विषाणूचा रोग आहे, तो गोठ्याच्या जमिनीत दबा धरून बसतो आणि त्याला मारणारं औषध नाही. वासराला लढायचं बळ मिळतं ते आईच्या पहिल्या चिकातून, तेही जन्मल्या जन्मल्या पोटात गेला तर. शांताबाईंच्या घरची रीत नेमकी उलटी होती. गाईची वार पडेपर्यंत वासराला आचळाला लावायचं नाही, आणि पहिला चीक घरोघर वाटून टाकायचा. इकडे खरवसाला पेऊस म्हणतात, आणि गाय गाभण आहे कळल्यापासून पारा त्या पेऊसवर डोळे लावून बसे.

शांताबाईंनी गोठ्यातली जुनी माती खरवडून काढली, चुना टाकला, वासरासाठी अंगणात वेगळी कोरडी जागा केली आणि नत्थूला बजावलं की पहिला चीक वासराचा. नत्थू ‘हव’ म्हणाला. त्याचं हव म्हणजे या कानाने ऐकायचं नि त्या कानाने सोडायचं.

त्यांची गाभण गाय कबरी व्याली ती शांताबाई दूध घालायला गेल्या असतानाच. त्या परतल्या तर ओली कालवड पोत्यावर धडपडत होती, आणि नत्थू रिकामी बादली विसळून मोठ्या समाधानाने बसला होता.

“मी काय वाईट केलं?” तो म्हणाला. “माय म्हणे, चीक जास्त झाला तं वासरू हगते. म्हणून सगळा पिळून वाटून टाकला.”

शांताबाईंना त्याचा रागही आला आणि कीवही. वासराच्या भल्यासाठीच त्याने वासराच्या तोंडचं काढून घेतलं होतं. त्या किटली उचलून निघाल्या.

“दिलेलं कोणी परत मागते का?” नत्थू मागून म्हणाला. “लोक काय म्हणतीन?”

“म्हणू दे. मले वासरू पाहिजे.”

शेजारच्या हिरालालच्या म्हाताऱ्या आईने चिकात गूळ घालून पातेलं चुलीवर चढवलंही होतं. तिने झाकण उचलून दाखवलं. सगळं थिजलं होतं. म्हातारी फार ओशाळली. पलीकडच्या विमलाबाईंनी फ्रिजमधून भांडं काढलं, पण किटलीत ओतताना म्हणाल्या, देऊन काढून घेणं आम्ही आजवर पाहिलं नव्हतं. शांताबाईंचे कान तापले. पण किटली काही त्यांनी मागे घेतली नाही. अशी दारं करत करत किटली निम्म्याच्या वर भरली.

त्यांनी ती गरम पाण्यात ठेवून कोमट केली. चीक उकळला की त्यातला गुण जातो, हे डॉक्टरने बजावलं होतं. मग कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन बाटलीने थेंबन् थेंब पाजला.

तरी हगवण लागलीच. कालवड मलूल पडली, तसा नत्थू दूध बंद कर म्हणू लागला. शांताबाईंनी दूध चालू ठेवलं आणि मधल्या वेळी डॉक्टरने दिलेली मीठ-साखरेची पुडी पाण्यात कालवून पाजत राहिल्या. दुसऱ्या गाईंकडे जाताना हातपाय धुवायच्या, बादली वेगळी वापरायच्या. शेवटी नत्थूही मुकाट्याने पाणी कोमट करून आणू लागला. एका सकाळी कालवडीने त्याच्या हातातली बाटली अशी ढुसणी देऊन पाडली की तो मातीत बसून हसला आणि हसता हसता रडला.

कालवड चांगली उड्या मारू लागली, तेव्हा शांताबाईंनी तिच्या गळ्यात दोरी बांधली आणि ज्या ज्या दारातून चीक परत आणला होता त्या त्या दारी तिला नेलं. विमलाबाई उंबऱ्यात आल्या, तशी कालवड त्यांच्या पदराला तोंड लावून चोखू लागली.

“विमलाबाई, तुमचं परत आणलं,” शांताबाई म्हणाल्या. “आपल्या पायानं आलं.”