दाजींचा कडक उपास

माझ्या बहिणीचा नवरा म्हणून रामप्रसाद दाजींना मी आजवर मान देत आलो. मनातून मात्र त्यांना कधीच किंमत दिली नाही, आणि हे लिहून टाकताना मला वाईटही वाटत नाही.

वडीगोद्रीत हायवेला लागून त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर घेऊन आलेला माणूस ती दुरुस्त होईपर्यंत जाणार कुठं? तो बाकड्यावर टेकला की दाजी सुरू होत. "माणसाजवळ इच्छाशक्ती पाह्यजे. एकतीस वर्षं झाली, एक चतुर्थी मोडली न्हाई म्या. बुखार असो, लगीन असो, बिलकुल न्हाई!" समोरचा मान हलवायचा. मोटर यांच्या ताब्यात, दुसरं काय करणार बिचारा!

आता या कडक उपासाचा थाट ऐका. सकाळी साबुदाण्याची खिचडी, ताट भरून. दुपारी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि उकडलेली रताळी. मधेमधे केळी, राजगिऱ्याचे लाडू. चहा तर कुणी मोजायचाच नाही. चंद्र दिसला की पुन्हा सगळं जेवण, वर मोदक. एरवी खायचा त्याच्या दुप्पट हा माणूस उपासाला खायचा आणि वर आम्हाला मनाचा निग्रह शिकवायचा.

चार वर्षांपूर्वी गावात तपासणीचं शिबिर झालं. त्यात दाजी आणि दैवशालाताई, दोघांचीही शुगर निघाली. डॉक्टरांनी दोघांना एकच सांगितलं. गोड बंद, रोज चालणं, गोळ्या, वेळेवर जेवण आणि उपास अजिबात नको. ताईनं घरी येऊन साखरेचा डबा शेजारच्या झुंबरबाईला देऊन टाकला. "समोर असली की हात जातो. म्हणून घरात ठेवतच न्हाई," म्हणाली. सकाळी ती कालव्यापर्यंत चालून यायची. कंटाळा आला तर नुसत्या चपला घालायच्या, मग पाय आपोआप निघतात, असं तिचं म्हणणं. पुढच्या चतुर्थीला तिनं सगळ्यांसमोर बसून ज्वारीची भाकरी खाल्ली. सासू बोलली, जावा बोलल्या, आणि सगळ्यांत जास्त बोलले दाजी. "बाईच्या जातीला निग्रह कसा तो नसतोच!" ताई घास चावत राहिली. मी तिथंच होतो आणि गप्प बसलो, त्याची मला आजही लाज वाटते.

दाजी काही बदलले नाहीत. यंदा मोटरीचं झाकण पायावर पडून त्यांच्या अंगठ्याला जखम झाली. ती महिनाभर भरलीच नाही आणि अंगठा काळा पडला. जालन्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अंगठा काढावा लागेल, लगेच काढला तर बाकीचा पाय वाचेल. "उद्या सकाळी ऑपरेशन. आज रात्री दहानंतर पोटात काही जाता कामा नये. पाण्याचा घोटसुद्धा नाही."

दाजी हसले. "डॉक्टरसाहेब, एकतीस वर्षांची सवय हाय. एका सकाळचं काय घेऊन बसलाव!"

मुक्काम जुन्या जालन्यात माझ्याच घरी होता. सकाळी मी रिक्षा आणायला गेलो, ताई अंघोळीला गेली, तेवढ्यात दाजी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन आले. दवाखान्यात नर्सनं विचारलं, "काका, काही खाल्लं नाही ना?"

"बिलकुल न्हाई. फक्त दोन प्लेट साबुदाणा. अन् चहा."

नर्सनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे खाल्लं ना!"

"साबुदाणा म्हंजे काय खाणं हाय का?" दाजी मनापासून चिडले होते. ते थट्टा करत नव्हते. एकतीस वर्षांत साबुदाण्याला त्यांनी खाण्यात धरलंच नव्हतं.

भूल द्यायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. शुगर चारशेच्या वर गेली होती. ऑपरेशन तीन दिवसांनी झालं, तोवर काळेपणा पुढं सरकला होता. एका अंगठ्याऐवजी तीन बोटं गेली. मला दया यायला हवी होती, पण आला तो नुसता संताप. डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन आणि वेळेवर जेवण. यात चूक झाली तर जखम भरणार नाही आणि मग घोट्यापासून पाय काढावा लागेल.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी, दवाखान्यातच, चतुर्थी आली. इन्सुलिन टोचून झालं. ताईनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी. दाजींनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"खिचडी आण."

"न्हाई."

"मंग म्या जेवत न्हाई. एकतीस वर्षं..."

"एकतीस वर्षं तुमी खातच आलाव," ताई म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "खिचडी आवडती, म्हणून खाल्ली अन् त्याला उपास म्हणलं. आज ही भाकर नको वाटून राह्यली ना? मंग हीच खावा."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "ती बराबर बोलून राह्यली, दाजी."

त्यांनी डबा पुढं ओढला. मग त्यांनी एक तुकडा मोडला. घास तोंडात गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आज चतुर्थी हाय ना हो?" दाजी चावत राहिले. एक भाकरी संपायला पाऊण तास लागला.

इतक्या वर्षांत या माणसाला काही अवघड करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला त्यांचा थोडा आदर वाटला, आणि तो वाटावा याचाही मला रागच आला.